मशीनच पळत होती

बाबा, तुमची रिदम मशीन मागच्या महिन्यात बाजारात आली. मशीन म्हणजे ते लाकडी बाजूंचं, बटणांवर चिकटपट्ट्या लावलेलं खोकं नव्हे. ते इथं अकोल्याला माझ्या कामाच्या टेबलावर उघडं पडलेलं आहे, झाकण एकीकडे, स्क्रू वाटीत. बाजारात आली ती तिची नक्कल. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तुमच्या मशीनचं चित्र दिसतं आणि त्यातली बटणं माउसनं दाबली की तिचाच आवाज येतो. मी हेच काम करते. परदेशातली एक कंपनी जुन्या वाद्यांच्या आणि यंत्रांच्या अशा नकला बनवून विकते, त्यातल्या ताल वाजवणाऱ्या यंत्रांचं काम माझ्याकडे असतं. तुम्ही गेलात तेव्हा मोबाईलला बटणं होती आणि मी पुण्यात नोकरीला होते. मी नेमकं काय करते हे तुम्हाला कधी कळलं नाही, तुम्ही विचारलंही नाही. लोकांना सांगायचात, "पोट्टी कम्प्युटरमंदी हाय." जणू मी त्यात पडले होते आणि मला कोणी बाहेर काढत नव्हतं.

तुमच्या मशीनमध्ये एकही आवाज भरून ठेवलेला नव्हता. हे तुम्हाला माहीत होतं असं मला वाटत नाही. प्रत्येक ठोका ती नव्यानं तयार करायची. विजेचा एक छोटा धक्का बसतो, तो दोन-चार सुट्या भागांतून थरथरत जातो आणि विझतो. त्या थरथरीला तुम्ही बेस म्हणायचात. स्नेअर म्हणजे तो चरचरणारा ड्रम, त्याची चरचर म्हणजे एका ट्रान्झिस्टरची नुसती कुरकुर, मोठी करून ऐकवलेली. म्हणून अशा यंत्राची नक्कल करायची तर आवाज रेकॉर्ड करून भागत नाही. तो होतो कसा, ते गणितात लिहावं लागतं. एकेक भाग मोजायचा, थंड असताना मोजायचा, तापल्यावर मोजायचा, आणि मग कॉम्प्युटरला सांगायचं की तू असाच थरथर. त्यासाठी यंत्राशेजारी महिनोन्महिने बसावं लागतं. तुमच्या शेजारी मी इतकी कधी बसले नव्हते.

मशीन आपल्या अमरावतीच्या घरी आली तेव्हा मी प्राथमिक शाळा नुकतीच सोडली होती. आखातातून परतलेल्या कुणाकडून तुम्ही ती घेतली होती. तिच्यावर इंग्रजीत परदेशी नाचांची नावं होती, त्यांच्यावर तुम्ही दवाखान्यातली पांढरी पट्टी चिकटवली आणि पेनानं लिहिलंत, दादरा, केरवा, कव्वाली. एका बटणाचं काय करावं हे तुम्हाला कळेना, त्यावर तुम्ही लिहिलंत 'नाही'. तुमचा ऑर्केस्ट्रा तेव्हा जोरात होता. जयंतीचे कार्यक्रम, लग्नं, गावोगावचे मेळावे. तुम्ही पेटी वाजवायचात आणि माइकवर बोलायचात, आई गायची, आणि ढोलकीला काका होते. काका म्हणजे नात्यातले कुणी नव्हेत. तुमचा लहानपणापासूनचा दोस्त, तुम्ही दोघं एका वस्तीत वाढलेले, एकाच फाटक्या सतरंजीवर बसून वाजवायला शिकलेले. आईला पहिल्यांदा स्टेजवर उभं केलं ते काकांनी. ती घाबरली की ते ढोलकीवर अशी एक हलकी थाप द्यायचे की तिला पुढची ओळ आठवायची. मशीन आली त्या दिवशी त्यांनीच ती उचलून आत आणली होती. "मस्त हाय बे," असं म्हणाले होते.

दर्यापूरचा कार्यक्रम तुम्हाला आठवत असेल. तुमच्या आवडीचा होता, नंतर कितीतरी दिवस तुम्ही तो लोकांना सांगत होतात. एप्रिल आहे, पेंडॉलमध्ये संध्याकाळीसुद्धा झळा येतायत. स्टेजवर तुमच्या उजव्या हाताला लाकडी स्टुलावर मशीन, तिच्या बरोबर डोक्यावर मोठा हॅलोजन. आई दोन गाणी गाऊन खाली बसलीय, पदरानं वारा घेतेय. तुम्ही माइक हातात घेता आणि तुमचा तो स्टेजवरचा आवाज लावता. "रसिक मायबाप, आता एक गंमत पाहू. एकीकडे आमचा ढोलकवाला, एकीकडे जपानची मशीन. दोघं संगं सुरू होतील. ज्याची लय सुटली थो घरी." लोक हसतात. काकाही हसतात, त्यांना वाटतं तुम्ही मजा करताय. तुम्ही केरव्याचं बटण दाबता. काका डोळे मिटून तिच्यात मिसळतात, आणि पहिली काही मिनिटं ढोलकी कुठली आणि मशीन कुठली हे ओळखू येत नाही. लोक टाळ्यांनी साथ द्यायला लागतात. तुम्ही थांबवत नाही. मग कुठंतरी एक केसाएवढी फट पडते. मग ती रुंदावते. मग पेंडॉलमधल्या शेवटच्या माणसालाही दोन वेगळे ठोके ऐकू येतात, मशीन पुढे आणि ढोलकी मागे. तुम्ही हात वर करता. "पाहा मायबाप! कोन मागं पडलं?" समोर बसलेली पोरं ओरडतात, "ढोलक! ढोलक!"

काकांचे हात थांबले. ते माइकपासून लांब होते, त्यामुळे ते काय म्हणाले ते फक्त आम्हाला ऐकू आलं. "मी नाही सुटलो बे." तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंत, आणि माइक तोंडाजवळ नेऊन म्हणालात, "मशीन जेवत नाही. मशीन पीत नाही. मशीन उशिरा येत नाही. आन् मशीन रडत बी नाही." सगळा पेंडॉल हसला. काका आयुष्यात कधी दारू प्यायले नव्हते, पण पेंडॉलमध्ये ते कोणाला माहीत असणार. त्यांनी ढोलकीला तिचं कापड घातलं, स्टेजच्या मागून न जाता समोरून उतरले आणि लोकांमधून वाट काढत जीप स्टँडकडे गेले. आपण मॅटाडोरनं परत आलो. काकांची जागा खिडकीजवळची होती. तिथं तुम्ही मशीन ठेवलीत, धक्के लागू नयेत म्हणून तिच्या बाजूला उशी लावलीत. काका पुढं मोर्शीकडे संत्र्याच्या गोदामात फळं निवडायला लागले. ढोलकी त्यांनी पुन्हा मांडीवर घेतली नाही. आपल्या घरी त्यांचा विषय निघाला की तुम्ही एवढंच म्हणायचात, "लय सुटली होती त्याची."

त्यानंतर आईची पाळी आली. घरात एकच प्लग होता, स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेला, म्हणून मशीन तिथं, स्टोव्हला जवळजवळ चिकटून. दुपारी आई भाकरी थापायला बसली की तुम्ही पाटावर बसून मशीन सुरू करायचात आणि ती थापता थापता गायची. मी उंबऱ्यात अभ्यासाला बसलेली असायचे, कारण दुसरीकडे बसायला जागा नव्हती. सुरुवातीला सगळं जुळायचं. तिसरी-चौथी भाकरी झाली की आई मागं पडायला लागायची. पहिल्यांदा तुम्ही नुसतं "हं" म्हणायचात. मग ओट्यावर थाप. मग तिच्या पाठीत. ती ओळ तिथूनच पुन्हा उचलायची. पिठाचे हात असल्यामुळे तिला डोळे पुसता यायचे नाहीत, ती खांद्याला पुसायची, आणि मग तुम्हाला त्याचाही राग यायचा. "मशीनसंगं राह्य. मशीनसंगं. तुले समजत नाही का?" शेजारची मावशी एकदा खिडकीतून म्हणाली, "भाऊ, थकली असन थे." तुम्ही म्हणालात, "मशीन नाही थकत."

त्या दिवशी मे महिना होता, स्टोव्ह भडकलेला, आणि आई तव्यावर भाकरी टाकून थांबली. गाणं अर्ध्यात सोडून थांबली. असं तिनं आधी कधी केलं नव्हतं. "मी नाही सुटली," ती म्हणाली. "मशीन पळून राहिली."

"काय म्हनली?"

"मशीन पळून राहिली म्हनलं. हात लावून पाहा, कशी तापली थे."

तुम्ही हसलात. माझ्याकडे वळून मलाही हसवायला पाहिलंत. "पाय फुटले का व तिले?" तिनं पुन्हा तेच सांगितलं, हळू, एखाद्या लहान पोराला समजवावं तसं. मला वाटतं तिनं ओरडून सांगितलं असतं तर तुम्ही तिला नुसतं मारलं असतं. ती समजावत होती. तुम्ही मशीन दोन्ही हातांनी उचललीत, वायर प्लगमधून तुटून आली, आणि तुम्ही ती तिच्यावर फेकलीत. मशीनचा कोपरा आईच्या गळ्याखालच्या हाडावर बसला. तो आवाज मी सांगणार नाही, तुम्हीही तो ऐकलाय. आई भिंतीवर कलंडली. मशीन फरशीवर आपटून उलटी पडली. तुम्ही खाली वाकलात. मी पाहत होते, तुम्ही कुठं वाकताय ते. तुम्ही मशीन उचललीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण अकोल्याला निघालो, तुम्ही, मी आणि मशीन. मशीन आईच्या शालीत गुंडाळलेली. मावशीनं आईचा हात ओढणीनं गळ्यात बांधला होता, हळद लावली होती. आई दाराशी उभी राहून म्हणाली, "मले आधी दवाखान्यात न्या ना." तुम्ही चपला घालत म्हणालात, "आल्यावर पाहू. परवा कार्यक्रम हाय." बसमध्ये तुम्ही मशीन मांडीवर धरून बसला होतात, खड्डा आला की ती छातीशी घ्यायचात.

अकोल्याला स्टेशनाजवळ एका अरुंद दुकानात रेडिओ दुरुस्त करणारा एक म्हातारा होता. त्यानं मशीन उलटसुलट करून पाहिली, चेपलेल्या कोपऱ्यावर बोट फिरवलं आणि विचारलं, "कशी काय पडली?"

"या पोट्टीनं पाडली," तुम्ही म्हणालात. "हाताले वळनच नाही."

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. "असू द्या. लेकरू हाय." मग त्यानं झाकण काढलं, आणि मी पहिल्यांदा तिच्या आत पाहिलं. हिरवी पट्टी, तिच्यावर चंदेरी रेघा, आणि मधोमध एक चीर गेलेली. त्यानं तुटलेल्या रेघा बारीक तारांनी जोडल्या. स्नेअरचा ट्रान्झिस्टर फुटला होता, तसा त्याच्याकडे नव्हता, म्हणून एका जुन्या रेडिओतला काढून लावला. मशीन सुरू झाली. सगळं होतं तसंच वाजलं, फक्त स्नेअर बदलली होती. ठोका पडायचा आणि त्याच्या मागून एक खस्स असा आवाज यायचा, कुणी दातांतून श्वास ओढावा तसा. "घसा बसला थोडा तिचा," म्हातारा म्हणाला. तुम्ही म्हणालात, "चालते." निघताना त्याच्या काउंटरवर तारा डागून जोडायचं सोल्डरिंग आयर्न विकायला ठेवलेलं होतं, लहान, लाल मुठीचं. ते तुम्ही माझ्यासाठी घेतलंत. "घे," म्हणालात, "पाडली त जोडाले शिक आता." तुमचा आवाज खरंच रागाचा होता. दुकानात शिरताना तुम्हाला ठाऊक होतं की मशीन कोणी फेकली, बाहेर पडेपर्यंत तुम्ही स्वतःच्या खोट्यावर विश्वास ठेवला होतात. मी त्या लाल मुठीवर जोडायला शिकले. पुढं इंजिनिअरिंगला गेले, या कामात आले, घर घेतलं. तुमचे आभार मानणारं एक वाक्य इथं यायला हवं. मी थांबून पाहिलं, ते येत नाही.

आईला दवाखान्यात नेलं ते लग्नसराईचे सगळे कार्यक्रम झाल्यावर, महिन्याभरानं. तोवर हाड जिथं बसायचं तिथं बसलं होतं, वाकडं. खोल श्वास घेतला की तिथं कळ यायची, आणि खोल श्वास घेतल्याशिवाय वरचा सूर लागत नाही. तुम्ही लोकांना सांगितलंत, "तिचा आवाज बसला." अंजनगावकडची एक नवी मुलगी गायला आणलीत. तिला मशीनसोबत गायला शिकवायचं काम आईला दिलंत, त्याच स्वयंपाकघरात, कारण प्लग तिथंच होता. आईनं शिकवलं. मला एवढंच आठवतं की ती त्या मुलीला सांगायची, "ओट्यापासून दूर ठेव थे डबडं." मला वाटायचं, तिला मशीनची भीती बसली आहे.

शेवटच्या वर्षी तुमची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. मी रजा काढून अमरावतीला आले होते. पलंगासमोर माळा होता आणि माळ्यावर, कापडाखाली, मशीन. तुम्ही तिच्याकडे पाहायचात आणि डाव्या हाताच्या बोटांनी चादरीवर केरवा वाजवायचात. धा गे ना ती. इतकं स्पष्ट की रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळलं असतं. आई जवळ येऊन विचारायची, "पानी पायजे?" तुम्ही मान हलवायचात, बोटं पुन्हा चादरीवर. "पानीच पायजे," ती म्हणायची आणि चमचा तोंडाशी धरायची. तुम्ही वर पाहायचात. "वर काय पाहून राहिले? जाळे झाले का? काढीन उद्या." हे रोज चाललं, तुम्ही जाईपर्यंत. तुमच्या डोळ्यांतून पाणी यायचं, ते ती हातातल्या टॉवेलनं पुसायची, हळुवार, एकदाही घाई न करता. शेजारच्या बाया म्हणायच्या, नवऱ्याची सेवा करावी तर हिनं. मला सगळं दिसत होतं. मला तुमची दया आली नाही, बाबा. त्या घरात जे काही मी शिकले त्यात दया नव्हती.

नंतर आई माझ्याकडे अकोल्याला आली आणि अमरावतीचं घर भाड्यानं दिलं. मागच्या वर्षी भाडेकरू बदलताना माळा साफ केला, तेव्हा मशीन आणली. कंपनीला फोटो पाठवला, त्यांना ती हवीच होती, तसली फार उरलेली नाहीत. काम सुरू केलं. अकोल्यातला मे तुम्हाला सांगायला नको. माझ्या खोलीत कूलर चालू असायचा, मशीन एकसारखी वाजत असायची आणि कॉम्प्युटर तिच्या दोन ठोक्यांमधलं अंतर मोजत असायचा. एका दुपारी कूलरमधलं पाणी संपलं, माझ्या लक्षात आलं नाही. घाम पुसताना पडद्याकडे पाहिलं तर सरळ जाणारी रेघ खाली उतरत होती. मला वाटलं, माझीच काही चूक. पुन्हा मोजलं. मग मशीन फ्रिजमध्ये ठेवली, त्यावर आई ओरडली, "फ्रिजात बाजा ठेवला व?" गार मशीन रेंगाळत वाजली. मग मी ती स्वयंपाकघरात नेली, गॅसच्या शेजारी ठेवली, बर्नर लावला आणि उभी राहिले. ठोक्याची गती ठरवणारा जो भाग आहे, तो तापला की विजेनं लवकर भरतो आणि लवकर रिकामा होतो, एवढंच त्यातलं शास्त्र. पाचेक मिनिटं काही नाही. मग मशीन पळायला लागली. हळू, लबाडीनं, कानाला कळणार नाही अशी. तिच्याबरोबर एका लयीत गाणारं माणूस मागं पडत गेलं असतं. हॅलोजनखाली एका लयीत वाजवणारं माणूससुद्धा.

आई बाहेर अंबाडीची भाजी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर खाली बसले. म्हटलं, "आई, मशीन पळायची."

"कोनती?"

"बाबांची. तापली की पळायची. मी मोजलं. तू सुटत नव्हतीस."

तिनं वर पाहिलं नाही. देठ खुडत राहिली. "मंग मी काय म्हनलं होतं?"

"तेच म्हणाली होतीस."

"हं. तुले आज समजलं."

"मोजल्यावर समजलं."

"मले मोजाव नाही लागलं." तिनं एक काडी बाजूला टाकली. "त्या ढोलकवाल्याले सांग."

"ते कुठं आहेत?"

"कुठं असतीन? मेले. तुया बापाच्या बी आंधी मेले." मग तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मंग कोनाले सांगून राहिली तू?"

मी तिच्यासाठी एक गोष्ट बनवली. कंपनीनं सांगितलेली नव्हती, माझ्या मनानं. नकलेतली मशीन गाणाऱ्याचं ऐकेल अशी. गाणारीसमोर माइक ठेवायचा, ती हळू झाली की मशीन हळू, गाणारी श्वासाला थांबली की मशीन थांबणार, आणि ती पुन्हा सुरू झाली की तिच्या मागून निघणार. मला त्याचा फार अभिमान वाटत होता. एका सकाळी आईला हॉलमध्ये बसवलं, माइक जवळ ठेवला. ती नाही नाही म्हणत होती, पण तिनं पदर नीट केला, घसा साफ केला, म्हणजे तिला गायचं होतं. तुमच्या ऑर्केस्ट्रातलं नव्हे, त्याच्याही आधीचं, तिच्या माहेरच्या विहारात बाया म्हणायच्या ते एक गाणं तिनं धरलं. दोन ओळी गेल्या. मशीन तिच्या मागून जात होती, अगदी अदबीनं. तिसऱ्या ओळीला सूर वर जातो. तिनं श्वास ओढला, तोंड वेडंवाकडं झालं, हात गळ्याखाली गेला. आवाज आला नाही. मशीन थांबली. पडद्यावर एक बारीक दिवा लुकलुकत होता, गाणारीची वाट पाहणारा.

"बंद पडली?" आईनं विचारलं.

"नाही, थांबलीय. तू गाशील तेव्हा सुरू होईल."

ती त्या दिव्याकडे पाहत राहिली. "म्हंजे आता सारं मायाच मानेवर," ती म्हणाली. "तुया बापानं मले पळवलं. तू वाट पाहून राहिली. दोघंही सारखेच व तुमी. मले मोकळं सोडा ना कोनी." मग उठली, टीव्ही लावला, आवाज मोठा केला आणि सिरियल पाहत बसली. मी ती सोय त्याच दिवशी काढून टाकली. कंपनीला तिच्याबद्दल कधी कळलं नाही.

बाकी सगळं ठेवलं. ठेवू की नको हे मी आईला विचारलं होतं. स्नेअरमागचा तो खस्स आवाज मी गणितातून पुसू शकत होते, कारखान्यातून निघताना ती जशी होती तशी करू शकत होते. तापून पळणंही काढता आलं असतं. कंपनीतल्या माझ्या वरिष्ठाला मात्र त्या स्नेअरनं वेड लावलं होतं. "हिला काय झालंय? ही श्वास घेते," तो म्हणाला. मी म्हटलं, आपटली होती एकदा. पळण्यासाठी त्यानं पडद्यावर एक वेगळं बटण द्यायला लावलं, फिरवलं की मशीन तापल्यासारखी वागते. आईला हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "इक. लय महाग इक." आता लोक त्याच दोन गोष्टींसाठी ती घेतायत. लिहितात, या मशीनमध्ये जीव आहे. परवा आईनं विचारलं, "गातात का कोनी तिच्यावर?" म्हटलं, हो, खूप जण गातात. "तापायचं बटन लावून?" हो, ते लावूनच. आई हसायला लागली. गळ्याखाली हात दाबून धरून हसत होती, दुखत होतं तरी. "सुटत असतीन सारे," म्हणाली. "सुटू दे."

हे पत्र कुठं जाणार नाही, लिहून झालं की ड्रॉवरमध्ये जाईल आणि पुढच्या सफाईत रद्दीत. पण एक राहिलं. प्रत्येक नकलेच्या पानावर कंपनी खाली लिहिते की मूळ यंत्र कुणाचं होतं, आभारासकट. तुमचं नाव पोस्टरवर आईच्या नावाच्या वर, मोठ्या लाल अक्षरांत असायचं, आणि छापणाऱ्यानं एकदा ते लहान केलं तर तुम्ही पोस्टरं त्याच्या तोंडावर फेकली होती. आता ते जगभर गेलं असतं. त्या पानावर लिहिलंय, मशीन अकोल्याच्या भंगारात सापडली. ते मीच लिहून दिलं. तरी खरं सांगायचं तर, वरिष्ठानं फोनवर विचारलं होतं, ही कुणाची, तेव्हा तुमचं नाव माझ्या तोंडून निघालं होतं. तुम्ही स्टेजवर घ्यायचात तसंच, सुरात. आडनाव येण्याआधी मी खोकल्याचं सोंग केलं. त्यानं पुन्हा विचारलं नाही.